न लिहिलेली सिंफनी

काही कलावंतांच्या वाट्याला त्यांच्या हयातीतच एक व्यंगचित्र येते, आणि पुढे लोक माणसाला विसरून त्या चित्रालाच ओळखत राहतात. फ्रेंच संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक हेक्टर बर्लिओझ याचे असेच झाले. १८४६ सालच्या एका चित्रात तो छडी उगारून उभा आहे, त्याच्या वाद्यवृंदातून तोफ डागली जात आहे आणि समोर श्रोत्यांची दाणादाण उडाली आहे. विस्कटलेल्या केसांचा, नटीच्या प्रेमात वेडा झालेला, शेकडो वादक गोळा करून कानठळ्या बसवणारा बर्लिओझ तो हाच. संगीताच्या इतिहासांतही थोड्या सभ्य भाषेत हेच चित्र पुन्हा पुन्हा काढलेले आढळते.

हे चित्र खोटे आहे असे मी म्हणणार नाही. तो तसा होताच. पण त्या वेड्याच्या खिशात नेहमी एक हिशोबाची वही असे, आणि त्याची कला समजून घ्यायची तर ती वहीही उघडून पाहिली पाहिजे, असे मला वाटते. त्या वहीच्या एका पानावर एक सिंफनी मरून पडली आहे. या लेखाचा मुख्य विषय ती सिंफनी.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार कोणता, हे आधीच सांगून टाकतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दिवसा शाळेत मुलांना शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. पाश्चात्त्य स्वरलिपी मला वाचता येत नाही. बर्लिओझचे आत्मवृत्त मी इंग्रजी भाषांतरातून वाचले आणि त्याच्या कृतींची ध्वनिमुद्रणे पुष्कळ वेळा ऐकली, एवढीच माझी सामग्री. पण ज्याला पोटासाठी एक काम आणि मनासाठी दुसरे काम करावे लागते, त्याला या माणसाच्या आयुष्यातल्या काही गोष्टी पंडितांपेक्षा लवकर कळत असाव्यात.

बर्लिओझ जन्मला ११ डिसेंबर १८०३ रोजी, फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या ला कोत-सेंत-आंद्रे या छोट्या गावात. वडील डॉक्टर, सुविद्य, उदार मनाचे. आई कर्मठ कॅथलिक. वडिलांनी मुलाला घरीच लॅटिन शिकवले. व्हर्जिलच्या महाकाव्यातला राणी डायडोच्या मरणाचा प्रसंग वाचताना त्या मुलाचा कंठ इतका दाटून आला की वाचन पुढे जाईना. वडिलांनी काही न दिसल्यासारखे करून पुस्तक मिटले, असे त्याने लिहून ठेवले आहे. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

घरात पियानो नव्हता. मुलगा बासरी शिकला, गिटार शिकला, पण पियानो त्याला जन्मभर वाजवता आला नाही. युरोपातल्या संगीतकाराच्या बाबतीत हे जवळजवळ अपंगत्वच. इतर रचनाकार पियानोवर बसून स्वर जुळवत आणि मग ते वाद्यांना वाटून देत. बर्लिओझला ती सोय नव्हती. त्याला स्वर सुचला तो वाद्यासकट. या वाक्याला सनई हवी की व्हायोला, हा प्रश्न त्याला नंतर पडत नसे, कारण वाक्यच सनईचे किंवा व्हायोलाचे म्हणून जन्माला येई. वाद्यांच्या रंगांचा एवढा मोठा जाणकार पियानोशिवाय घडला, यात मला नवल वाटत नाही. उलट, एका वाद्याच्या सवयी त्याच्या बोटांना लागल्या नाहीत हे त्याच्या पथ्यावरच पडले.

१८२१ मध्ये वडिलांनी त्याला वैद्यकी शिकायला पॅरिसला धाडले. शवच्छेदनाच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकले आणि कोपऱ्यांत हाडे कुरतडणारे उंदीर पाहून त्याने खिडकीतून उडी टाकून पळ काढला. रोज संध्याकाळी ऑपेरागृहात मात्र तो नेमाने हजर असे. पुढे वैद्यकी सुटली, आईने शाप दिला, वडिलांनी पैसे कधी धाडले कधी थांबवले. एका नाटकगृहात तो समूहगायनात उभा राहून पोट भरू लागला. सरकारी 'प्रि द रोम' पारितोषिकासाठी पुन्हा पुन्हा बसला आणि १८३० साली ते मिळवले.

मधल्या काळात ११ सप्टेंबर १८२७ ची ती प्रसिद्ध रात्र येऊन गेली होती. पॅरिसमध्ये आलेल्या एका इंग्रज नाटकमंडळीचा 'हॅम्लेट' त्याने पाहिला. त्याला इंग्रजी फारसे कळत नव्हते. तरी शेक्सपिअर त्याच्यावर विजेसारखा कोसळला आणि ऑफेलियाचे काम करणाऱ्या हॅरिएट स्मिथसन या आयरिश नटीने त्याची झोप उडवली. तीन वर्षांनी, ५ डिसेंबर १८३० रोजी, 'सिंफनी फांतास्तिक' ही त्याची पहिली मोठी कृती वाजली. प्रेमभंगाने निराश झालेला एक तरुण संगीतकार अफू घेतो आणि त्याला स्वप्ने पडतात, असे तिचे कथानक. प्रेयसी एका सुरावटीच्या रूपाने पाचही भागांत येत राहते. नृत्याच्या मेजवानीत ती गर्दीतून दिसते, वधस्तंभाशी सुरी कोसळण्याच्या आधी एका क्लॅरिनेटवर क्षणभर आठवते, आणि शेवटी चेटकिणींच्या जत्रेत कर्कश, बीभत्स होऊन नाचत येते.

ही कृती म्हणजे हृदयाचा उद्रेक असे समजण्याचा प्रघात आहे. पण तिच्यातली ती प्रेयसीची सुरावट बर्लिओझने आधी एका कँटाटामध्ये वापरली होती, आणि ती कँटाटा त्याने १८२८ साली पारितोषिकाच्या परीक्षेसाठी लिहिली होती. वधस्तंभाकडे जाणारी मिरवणूक त्याच्या एका अपुऱ्या ऑपेरातून आली. १८२४ साली लिहिलेला आपला एक मास आपण जाळून टाकला असे तो सांगे. त्याची प्रत १९९१ मध्ये अँटवर्पच्या एका चर्चमध्ये सापडली, आणि सिंफनीतल्या 'शेतातील दृश्या'ची सुरावट तीत आढळली. म्हणजे हॅरिएटला पाहण्याच्या तीन वर्षे आधी ती जन्मली होती! यात फसवणूक नाही. कादंबरी लिहिणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नसेल. दुःख नवे असले तरी ते मांडायला घरातलीच जुनी भांडी काढावी लागतात. भांडे कुठले कुठे ठेवायचे हे ज्याला समजते तो कलावंत.

त्याच 'शेतातील दृश्या'चा आरंभ आणि शेवट पाहा. आरंभी दोन गुराखी एकमेकांना साद घालतात: एक वाद्य रंगमंचावर, दुसरे पडद्याआड दूर. शेवटी पहिला पुन्हा साद घालतो, आणि उत्तराला दुसरा गुराखी नसतो. दूरवरची मेघगर्जना तेवढी असते. ती गर्जना चार माणसे तिंपनींवर वाजवतात, पण इतक्या हळू की कान टवकारावे लागतात. चार वादक कशासाठी, तर नगारे बडवण्यासाठी नव्हे; निरनिराळ्या स्वरांत लावलेल्या नगाऱ्यांतून एक स्वरमेळ निघावा आणि तो कुजबुजावा म्हणून. बर्लिओझचा मोठा आकडा पाहिला की लोक आवाज मोजतात. तो मात्र अंतर मोजत असे.

त्याच्या 'रेक्विएम'चीही तीच कथा. १८३७ च्या डिसेंबरात पॅरिसच्या 'अँव्हालिद' चर्चमध्ये ते प्रथम झाले. जागेच्या चार कोपऱ्यांत पितळी वाद्यांचे चार ताफे आणि सोळा तिंपनी, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. न्यायदिनाचे ते वर्णन खरोखरच छाती दडपून टाकते. पण ती काही मिनिटे सोडली तर 'रेक्विएम'चा बराचसा भाग हलक्या आवाजाचा आहे. एक भाग तर वाद्यांवाचून नुसत्या गळ्यांवर आहे. दुसऱ्या एके ठिकाणी फक्त बासऱ्या आणि ट्रॉम्बोन आहेत. एक स्वर फार वर, एक फार खाली, मध्ये काहीच नाही. ती मधली पोकळी ऐकून मला मोठ्या रिकाम्या देवळाच्या गाभाऱ्याची आठवण होते. गर्जनेमुळे त्याची कीर्ती झाली, आणि या पोकळीकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

आता त्याच्या हातातल्या छडीविषयी. कंडक्टर म्हटले की आपल्याकडे घंटी वाजवून तिकिटे देणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि त्यात फार चूकही नाही. आपल्या मैफलीत गवई आणि तबलजी एकमेकांच्या डोळ्यांत पाहून समेवर येतात. तिसऱ्या माणसाची गरज पडत नाही. साठ-सत्तर वादकांना ते शक्य नसते. बर्लिओझच्या तरुणपणी पॅरिसमधला सर्वात मान्यवर संचालक आबेनेक हा व्हायोलिनचा गज हातात घेऊन, पहिल्या व्हायोलिनचा कागद पुढे ठेवून वाद्यवृंद चालवी. बेथोव्हेनच्या सिंफन्या पॅरिसला ऐकवल्या त्या याच आबेनेकने, आणि बर्लिओझचे डोळे उघडले ते त्या मैफलींनी. पण स्वतः बर्लिओझच्या रचनांत वीस वाद्यांची वीस कामे एकाच क्षणी चालू असत. नुसता व्हायोलिनचा कागद पाहून त्या चालवता येण्यासारख्या नव्हत्या.

१८३४ साली 'हॅरल्ड इन इटली' ही त्याची कृती जिरार नावाच्या संचालकाने वाजवली आणि एका ठिकाणी तिचा विचका केला. तेव्हा बर्लिओझने ठरवले की यापुढे आपले काम आपणच चालवायचे. तो संचालक झाला तो असा, गरजेपोटी. 'रेक्विएम'च्या पहिल्या प्रयोगात, चार ताफे एकदम उठायच्या नेमक्या क्षणी, आबेनेकने छडी खाली ठेवून तपकिरीची डबी उघडली आणि आपण झेप घेऊन ताल दिला, असे त्याने आत्मवृत्तात लिहिले आहे. अभ्यासकांनी या हकिकतीवर शंका घेतली आहे. ती घडली असो वा नसो, तीत बर्लिओझची भीती नेमकी उतरली आहे. कागदावरचे संगीत दुसऱ्याच्या एका चिमूट तपकिरीवर अवलंबून असते, हे त्याला पुरते समजले होते.

या भीतीतून एक शास्त्र निघाले. वाद्ययोजनेवरचा त्याचा ग्रंथ १८४० नंतरच्या दशकात आला. कोणते वाद्य कुठल्या स्वरापर्यंत जाते, कुठे ते दमते, कुठल्या जोडीने खुलते, याची ती खानेसुमारी. १८५५ साली त्याने तिला संचालनावरचे एक प्रकरण जोडले. दोन, तीन, चार मात्रांसाठी छडी कशी फिरवावी याच्या आकृत्या त्यात आहेत. वाद्यांचे एकेक गट वेगळे घेऊन तालीम करण्याचा आग्रह त्याने आयुष्यभर धरला. १८४४ मध्ये पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने एक हजार बावीस जणांचा मेळा चालवला. पुढे १८५५ च्या प्रदर्शनात दूरच्या उपसंचालकांपर्यंत ताल पोचवायला विजेवर चालणारे यंत्र वापरले. चित्रातला तोफ डागणारा तो हाच. मात्र तोफेची वात किती बोटे लांब हे मोजून ठेवणारा.

जर्मनीच्या दौऱ्यात १८४३ साली लाइप्झिगला त्याची आणि मेंडेल्सन याची गाठ पडली आणि दोघांनी छड्यांची अदलाबदल केली. मेंडेल्सनची छडी नाजूक, पांढऱ्या चामड्याने मढवलेली. बर्लिओझची लिंडन नावाच्या एका युरोपीय झाडाची, सालीसकट. सोबत त्याने एक चिठ्ठी लिहिली, ती अमेरिकन इंडियन सरदाराच्या थाटात, परशूंची देवघेव केल्यासारखी. आपल्याला लोक रानटी म्हणतात हे त्याला ठाऊक होते, आणि तो त्यावर मनापासून हसूही शकत असे.

परदेशात मान मिळाला तरी पॅरिसमध्ये भाकरी मिळाली नाही. कोंझर्व्हातोआर या सरकारी संगीतविद्यालयात त्याला अध्यापकाची जागा कधीच दिली गेली नाही. ग्रंथालयात काम मिळाले. पोट चालले ते लेखणीवर. 'जुर्नाल दे देबा' या दैनिकात १८३५ पासून १८६३ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, तो संगीतसमीक्षा लिहीत होता. तो उत्तम लिही. त्याचा उपहास आजही ताजा वाटतो. पण बहुतेक लेख तो अशा ऑपेरांवर लिही ज्या दुसऱ्या दिवशी विसराव्यात. एकदा असा एक लेख काही केल्या सुरू होईना. त्या भरात त्याने गिटारला लाथ मारून ती फोडली, आणि भिंतीवरच्या पिस्तुलांकडे पाहत बसला. त्याच्या ओरडण्याने भेदरलेला त्याचा लहान मुलगा मग दाराशी आला आणि आपली गट्टी करायची ना, असे विचारू लागला. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा समोर आणि डोक्यात कादंबरीचे प्रकरण, अशा रात्री ज्यांनी काढल्या असतील त्यांना त्या गिटारीचा आवाज ऐकू येईल.

या लेखणीने अन्यायही केला, आणि आपण तो विसरता कामा नये. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात तो वाद्यांच्या परीक्षक-मंडळावर गेला. तिथे चिनी आणि हिंदी संगीत त्याच्या कानांवर पडले. त्यावर त्याने जे लिहिले त्यात कुतूहल नाही. ते संगीत आहे हेच त्याला मान्य नाही. इतरांचे कान बंद आहेत म्हणून जन्मभर आक्रोश करणाऱ्या माणसाचे स्वतःचे कान आपल्यासाठी दहा मिनिटेही उघडले नाहीत. त्याच्या समकालीनांनी त्याच्यावर केलेला अन्याय आणि त्याने आपल्यावर केलेला अन्याय एकाच जातीचे आहेत. न ओळखीचे ते गोंगाट, असे दोन्हीकडचे सूत्र.

एका चिमट्याने मात्र त्याने पॅरिसचे कान चांगलेच उपटले. १८५० साली त्याने मेंढपाळांचे एक समूहगीत सतराव्या शतकातल्या पिएर द्युक्रे या रचनाकाराचे म्हणून सादर केले. लोक त्या साध्या, निर्मळ संगीतावर लुब्ध झाले. द्युक्रे कधी जन्मलाच नव्हता; गीत बर्लिओझचे होते. पुढे तेच त्याच्या 'येशूचे बालपण' या कृतीत आले, आणि १८५४ मध्ये तीही लोकांना आवडली. आता तो शांत झाला, त्याने शैली बदलली, असे लोक म्हणू लागले. गाभाऱ्यातल्या पोकळीचे ते स्वर सतरा वर्षांपूर्वीच लिहिलेले होते, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

आता ती वही. हॅरिएट स्मिथसनशी त्याचे लग्न १८३३ साली झाले. पुढच्या वर्षी मुलगा झाला, लुई. संसार सुखाचा झाला नाही. तिची कारकीर्द संपली, ती दारूच्या आहारी गेली. १८४० नंतरच्या दशकात तो मारी रेसिओ या गायिकेबरोबर राहू लागला. हॅरिएट वेगळी राहिली. मग तिला पक्षाघाताचे झटके आले. वाचा आणि हालचाल गेली. दोन घरांचा खर्च, शुश्रूषेच्या बायका, डॉक्टर, मुलाचा खर्च, हे सारे त्या एका लेखणीवर आले. आधी १८४६ मध्ये 'फाउस्ट'वरची त्याची मोठी कृती अर्ध्या रिकाम्या थिएटरात दोनदा वाजून कर्ज ठेवून गेली होती, आणि ते फेडायला त्याला रशियाचा दौरा करावा लागला होता.

अशा दिवसांत, साधारण १८५२ च्या सुमारास, एका रात्री त्याला स्वप्नात सिंफनी सुचली. सकाळी उठला तेव्हा पहिला भाग जवळजवळ पूर्ण आठवत होता: ए मायनर, दोन मात्रांचा जलद ताल. तो लिहायला टेबलाशी गेला. आणि तिथे हिशोब सुरू झाला. हा भाग लिहिला तर पुढचे लिहावेच लागतील. तीन-चार महिने त्यात जातील. तेवढे दिवस वर्तमानपत्रातले लेख होणार नाहीत, पैसे येणार नाहीत. सिंफनी झाली की वादकांसाठी प्रती उतरवून घ्याव्या लागतील, हजार-बाराशे फ्रँक. प्रती झाल्या की मैफल करण्याचा मोह होईल, आणि मैफलीतून निम्मा खर्चही निघणार नाही. मग आजारी बाईच्या गरजा कुठून भागवायच्या? मुलाचे काय? त्याने लेखणी खाली टाकली. दुसऱ्या रात्री सिंफनी पुन्हा आली, तितकीच स्पष्ट. तो पुन्हा निश्चयाने पडून राहिला. तिसऱ्या सकाळी सारे पुसले गेले होते.

आत्मवृत्तात हे सांगताना तो स्वतःला संत म्हणवत नाही. भित्रा म्हणून वाचकांनी आपल्याला हिणवू नये एवढीच त्याची विनवणी आहे. कलावंतांच्या त्यागाच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो. त्यांत कलेसाठी संसाराचा होम होतो. हा उलटा होम. समीक्षक त्याच्याजवळ फार वेळ थांबत नाहीत, कारण जी कृती झालीच नाही तिचे परीक्षण कसे करायचे?

यातून सोपी बोधकथा काढणेही बरोबर नाही. ज्या बाईसाठी त्याने सिंफनी मारली तिला तो स्वतःच सोडून गेलेला होता. तिच्या खाटेशी बसण्याचे काम पगारी बायका करीत होत्या. त्याच्याकडून जात होते ते पैसे. त्या सकाळच्या निर्णयात दया किती, कर्तव्य किती आणि अपराधाचे मोल फेडणे किती, याची वाटणी कोण करणार? मला वाटते, त्याने स्वतःच ती केली, आणि ती केली संगीतातून. तो निवाडा त्याच्या पुढच्या मोठ्या कृतीत आहे.

हॅरिएट मार्च १८५४ मध्ये वारली. १८५६ मध्ये बर्लिओझने व्हर्जिलवर आधारलेली प्रचंड ऑपेरा, 'ले त्रोयाँ' म्हणजे 'ट्रोजन वीर', लिहायला घेतली आणि दोन वर्षांत पुरी केली. शब्दही त्याचेच. पाच अंक, सुमारे चार तासांचे संगीत. हिशोबाच्या दृष्टीने हा उद्योग सिंफनीपेक्षा कितीतरी पटींनी वेडा होता. पॅरिसमध्ये तो कुणी रंगभूमीवर आणील अशी आशा त्याला जवळजवळ नव्हती. वर्तमानपत्र सुटलेले नव्हते. मग या वेळी लेखणी का थांबली नाही? वायमारच्या एका राजकन्येने त्याला भरीला घातले हे खरे. अकादमीचे सदस्यत्व मिळून थोडा आधार झाला हेही खरे. पण मुख्य गोष्ट अशी की ज्या खाटेच्या खर्चाने सिंफनी खाल्ली ती खाट रिकामी झाली होती.

आणि त्याने कथा निवडली ती कोणती? ट्रॉय जळल्यावर इनिअस समुद्रावर निघतो. कार्थेजला राणी डायडो त्याला आसरा देते, प्रेम देते. पण इटलीत जाऊन नवे राष्ट्र वसवायचे ही त्याला देवांची आज्ञा. पाचव्या अंकात रात्री मृतांच्या सावल्या येऊन त्याला निघायला सांगतात, आणि तो निघतो. डायडो चिता रचून मरते. चार वर्षांपूर्वी बर्लिओझला दोन रात्री अशीच हाक आली होती, आणि एका आजारी बाईसाठी त्याने कान मिटून घेतले होते. आता तो अशा माणसाची कथा सांगत होता ज्याने कान मिटले नाहीत. इनिअसला त्याने शूर, उमदे संगीत दिले आहे. त्याला खलपुरुष केलेले नाही. परंतु सर्वांत खोल संगीत डायडोचे आहे. आपल्या नगरीचा निरोप घेताना तिचा आवाज जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर उतरतो. वाद्यवृंद इतका बाजूला सरतो की हा तोच तोफवाला यावर विश्वास बसू नये. बापाजवळ बसून रडलेला मुलगा तेव्हा बावन्न-चोपन्न वर्षांचा झाला होता. तेव्हा तो फक्त तिच्यासाठी रडला असेल. आता सोडून जाणारा माणूसही त्याला आतून ठाऊक होता.

या ऑपेराचे दोषही आहेत. काही मिरवणुका आणि नृत्ये लांबतात. इनिअसचा अंतःसंघर्ष एका गाण्यात आटोपतो. पण शेवटचा अंक माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या संगीतनाट्यात फार वरच्या जागी बसतो.

पुढचा हिशोब थोडक्यात सांगतो. १८६३ च्या नोव्हेंबरात पॅरिसला त्यातले शेवटचे तीन अंक तेवढे झाले, तेही कापून. शिकारीचे आणि वादळाचे दृश्य पहिल्या रात्रीनंतर गाळले, कारण त्याच्या नेपथ्याने फार वेळ खाल्ला. तरी एकवीस प्रयोग झाले, आणि त्या पैशांतून बर्लिओझला अखेर वर्तमानपत्र सोडता आले. साठाव्या वर्षी लेखणी मोकळी झाली. पण त्यानंतर त्याने मोठे असे काहीच रचले नाही. आजार होता, दुसरी पत्नीही गेली होती. १८६७ मध्ये लुई, जो खलाशी झाला होता, हवानाला पीतज्वराने वारला. त्याच हिवाळ्यात हा आजारी म्हातारा सेंट पीटर्सबर्गला गेला आणि बेथोव्हेन आणि ग्लुक यांच्या कृती चालवल्या. स्वतःची लेखणी थांबली होती. दुसऱ्यांचे काम नीट व्हावे म्हणून छडी मात्र उचलली जात होती. ८ मार्च १८६९ रोजी तो पॅरिसला वारला. 'ट्रोजन वीर'चे दोन्ही भाग त्याने एकत्र कधीच पाहिले नाहीत. ते पहिल्यांदा १८९० साली जर्मनीत कार्ल्सरूहला, दोन रात्रींत मिळून झाले. पूर्ण स्वरलिपी शुद्ध स्वरूपात छापून आली ती १९६९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी.

ती न लिहिलेली सिंफनी थोर होती असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. न झालेल्या कामाला मोठेपण देणे सोपे असते. आम्हा फावल्या वेळच्या लेखकांचे तर ते आवडते सांत्वन आहे. तिच्याविषयी ए मायनर आणि दोन मात्रा एवढेच ज्ञात आहे, आणि तेवढेच राहू द्यावे. ती गेली हे नुकसानच झाले. तिच्या जाण्यातून 'ट्रोजन वीर' जन्मली असे गणित मांडून ते भरून काढता येणार नाही. बाराशे फ्रँकांना एक सिंफनी, हा भाव एका श्रीमंत शहराने लावला होता. त्याची लाज त्या शहराकडेच राहिली पाहिजे.

वाचकांपैकी कुणाला बर्लिओझ ऐकावासा वाटला तर त्यांनी तोफांपासून सुरुवात करू नये. 'ट्रोजन वीर'च्या पाचव्या अंकाचा आरंभ ऐकावा. रात्रीची वेळ, बंदरात जहाजे. हिलास नावाचा पोरसवदा खलाशी डोलकाठीवर बसून आपल्या मागे राहिलेल्या मुलखाचे गाणे म्हणतो. ते लिहिताना समुद्रावरचा आपला मुलगा डोळ्यांपुढे होता, असे बर्लिओझने लुईला कळवले होते. १८६३ च्या प्रयोगांत हे गाणेही पुढे गाळले गेले. गायकाला जादा पैसे द्यावे लागले असते म्हणून. आता ते सगळीकडे गातात. त्याचा ताल लाटेवर होडी डुलावी तसा आहे. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आधीच पोराला झोप लागते. खाली पहाऱ्यावरचे शिपाई वर पाहतात आणि म्हणतात, गावाची स्वप्ने बघतोय, जे त्याला पुन्हा दिसायचे नाही. गाणे तिथेच राहते.